मुन्शीच्या बंडीतले कांदे

"मुन्शी, सांग मामाजींना, आठ दिवसांत तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. अकोल्याच्या उन्हाचं काय करायचं, ते या नंदकिशोर इंगोलेला कुणी शिकवू नये."

हे मी एका कुत्र्याला सांगत होतो. कुत्रा माझ्या सासऱ्यांच्या मांडीवर बसला होता. सासरे माझ्यापासून दीड हातावर होते आणि त्यांचे दोन्ही कान ठणठणीत होते. पण त्यांच्याशी बोलायची तीच रीत होती.

"मुन्शी, विचार यांना," सासरे कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "दुपारी लाइट गेली म्हणजे काय करतील?"

"मुन्शी, सांग, माझ्याकडे सगळा इंतजाम आहे."

मुन्शीनं जांभई दिली. निरोप पोचला, असं आम्ही दोघांनी धरलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. सासरे, म्हणजे दादाराव सरोदे, बाळापूरचे रिटायर पोस्टमास्तर. त्यांची कुंदा त्यांना न विचारता माझ्याशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. मी कूलर बनवायचो. अजूनही बनवतो. टिनाची पेटी, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. वर्षातले चार महिने धंदा आणि आठ महिने टिनावरची धूळ झटकणं. मामाजींचं म्हणणं, मी पोस्टातला जावई बघून ठेवला होता आणि पोरगी डबेवाल्याच्या घरात गेली. ते माझ्या घरी यायचे, जेवायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. पहिली दोन वर्षं कुंदामार्फत बोलले. मग सासूबाई गेल्या, मामाजींनी एकटेपणाला म्हणून हा पांढरा पॉमेरियन आणला आणि कुंदा त्या कामातून सुटली.

आता मामाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाकडे नागपूरला निघाले होते. सुनेला घरात कुत्रा चालत नव्हता. म्हणून ते वाटेत अकोल्याला उतरून मुन्शीला आमच्याकडे ठेवून जाणार होते. मे महिना होता. पारा सत्तेचाळीसवर.

जाताना त्यांनी कुंदाच्या हातात एक पोस्टकार्ड दिलं. सूचना बारीक, गोल अक्षरात लिहिल्या होत्या. मामाजी फाटकातून बाहेर पडले, तशी कुंदा माझ्याकडे वळली.

"ऐका. कुत्रं जसं आलं तसं परत गेलं ना, तर बाबा बोलतील तुमच्याशी. मी नवस बोलले आहे. बाबा एकदा तुमच्याशी सरळ बोलले की मी शेगावला पायी जाईन."

"मग चपला घेऊन ठेव," मी म्हटलं.

पोस्टकार्ड डोळ्यांसमोर राहावं म्हणून मी ते घरातल्या मोठ्या कूलरला चिकटवलं. 'पाणी दिवसातून चार वेळा बदलणे. दुपारी बाहेर काढू नये.' एवढं मी वाचलं. खाली आणखी पाच-सहा ओळी होत्या. त्या वाचायच्या राहिल्या, कारण गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी बघतो तर कूलरच्या पाण्यानं शाई उतरली होती आणि पोस्टकार्डावर नुसतं निळं आभाळ राहिलं होतं. 'केस' एवढा एक शब्द शाबूत होता.

मी कुत्र्याकडे पाहिलं. एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर वीतभर लोकर. 'केस'पुढे आणखी काय लिहिलेलं असणार?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली अरुणभाऊ वरणकर खुर्ची टाकून दाढ्या करायचे. मी मुन्शीला खुर्चीत बसवलं.

"झिरो मारू का?" अरुणभाऊंनी विचारलं.

"मारा. पण डोकं आणि शेपटी ठेवा. ओळख पटली पाहिजे."

अर्ध्या तासानं खाली एक उशी भरेल एवढा कापूस पडला होता आणि खुर्चीत मुन्शी होता. डोकं मुन्शीचं, शेपूट मुन्शीची आणि मधे कुणीतरी सोललेला दुधी भोपळा जोडून दिलेला. अरुणभाऊंनी सवयीनं त्याच्या मानेला पावडर लावली आणि मागून आरसा धरला.

"हे कुणाचं आणलंत?" कुंदानं दारातच विचारलं.

"मुन्शी."

"मुन्शी कुठाय?"

कुत्र्यानं शेपूट हलवली, तेव्हा तिनं खाली बैठक मारली.  मग म्हणाली, "आठ दिवसांत किती येतील हो केस?"

मी म्हटलं, काळजी करू नको, खरी चीज तर उद्या बघ. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा कूलर केला. बाजूला खिडक्या कापल्या, गवत भरलं, आत टेबलफॅनचा छोटा पंखा. अख्ख्या अकोल्यात कुत्र्याच्या मापाचा कूलर तेवढा एकच असेल. मुन्शीसमोर ठेवून बटण दाबलं. पहिल्या झोताबरोबर त्याच्या अंगावर तेलकट पाण्याचे शिंतोडे उडाले, तो पलंगाखाली गेला आणि तिथून डब्यावर भुंकत राहिला. तासाभरानं सवय झाली. डब्यापुढे पाय पसरून पडला. मी कुंदाला हाक मारली. कुंदा आली आणि बरोबर बारा वाजता लाइट गेली.

त्या वर्षी भारनियमन रोज बारा ते चार होतं. मला ते माहीत होतं. फक्त इंतजाम म्हणजे कूलर, असंच माझ्या डोक्यात असल्यामुळे कूलरला लाइट लागते, हे हिशोबात आलं नव्हतं.

घर तापलं तसा मुन्शी उठला आणि अंगणात जाऊन पडला. जिथे सावली होती तिथेच पडला, पण सावली सरकली आणि तो सरकला नाही. आमच्या लक्षात येईपर्यंत त्याची पाठ भाजलेल्या टोमॅटोसारखी लाल झाली होती. आजवर त्या कातड्यानं ऊन बघितलंच नव्हतं.

"त्याच्या अंगात काही घाला," माझी आई म्हणाली. आई आमच्याकडेच राहायची. उन्हाच्या बाबतीत तिचा शब्द गल्लीत शेवटचा असे. "उघडं लेकरू हाय ते."

तिनं माझ्या वडलांची जुनी बंडी काढली. दोन बाजूंना दोन मोठे खिसे असलेली, जाड मांजरपाटाची. कापून, दोन टाके घालून मुन्शीच्या मापाची केली. पुढचे पाय बाह्यांतून काढले, पोटाशी बटणं लावली. मुन्शी बंडीत उभा राहिला, तो थेट ग्रामपंचायतीचा सरपंच.

आईनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि खिशाशी थांबली.

"आता याले खिसा झाला."

"मग?"

"मग काय? खिसा हाय तं कांदा पाह्यजे. कांद्याबिगर उन्हात कोणी निंघते का?"

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, पण वऱ्हाडात सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात घराबाहेर पडणारा माणूस खिशात कांदा ठेवतो. अंगाला लागायचं ऊन कांदा ओढून घेतो आणि संध्याकाळपर्यंत स्वतः सुकून जातो. माझ्याही खिशात असायचा. मी आजवर आजारी पडलो नव्हतो आणि याचं श्रेय कांद्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं मला सुचलं नव्हतं. टोपलीतून दोन गोलटी कांदे, म्हणजे लिंबाएवढे बारके, उचलले आणि बंडीच्या दोन खिशांत एकेक घातला.

संध्याकाळी दोन्ही खिसे रिकामे.

"आई, कांदे गेले."

"पाह्यलं? किती ऊन होतं मंग! पार सुकूनसन उडून गेले."

मला ते पटलं. बावीस वर्षांनी लिहिताना पटत नाही, पण तेव्हा सत्तेचाळीस पारा होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन घातले. गेले. चौथ्या दिवशी पुन्हा दोन. दुपारी बघतो तर एक गेला होता आणि एक उरला होता. मी आनंदानं कुंदाला सांगितलं, "ऊन कमी होऊन राहिलं बरं का."

पाचव्या दिवशी मुन्शी उठला नाही. पाणी प्यायला नाही. ओकला. हिरड्या पांढऱ्या पडल्या. आईनं पापणी वर करून बघितली आणि निदान केलं. "ऊन लागलं त्याले. एवढं करून लागलं. कैरीचं पन्हं पाज आन् तळपायाले कांदा घास."

मी पन्हं पाजलं, ते त्यानं थुंकून टाकलं. कांदा ठेचून चारही पायांना घासला. त्यानं जीभ काढून पाय चाटले. मला वाटलं, आराम पडतोय. मग त्यानं जागीच लघवी केली. ती लाल होती.

कुंदानं मुन्शीला उचललं आणि बंडीसकट स्कूटरवर बसली. रस्ताभर एकदाच बोलली.

"आई गेल्यावर बाबा चार महिने कुणाशी बोलत नव्हते. हा आल्यावर बोलायला लागले."

मी स्कूटर जोरात घेतली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर बोचरे एका म्हशीच्या पाठीवर गोणपाट टाकून पाणी मारत होते. आम्हाला बघून आत आले. मुन्शीला टेबलावर ठेवलं.

"काय झालं?"

"ऊन लागलं."

"याले भादरलं कोणी?"

"मीच. उन्हासाठी."

"ऊन वाढलं का तुम्ही घरावरचे टिनं काढून ठेवता का?" डॉक्टरांनी विचारलं. "अहो, ते केस म्हणजे त्याची छत्री असते. आन् हे काय घातलं?"

"बंडी. छत्री गेली म्हणून."

डॉक्टरांनी बटणं काढता काढता खिशात हात घातला. आदल्या दिवशीचा उरलेला कांदा बाहेर आला. एका बाजूनं कुरतडलेला होता. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून बारीक दातांच्या खुणा बघितल्या.

"हा कायले?"

"ऊन लागू नये म्हणून."

"कोणाले?"

मी मुन्शीकडे बोट दाखवलं. डॉक्टर खुर्चीवर बसले.

"किती खाल्ले यानं?"

"खाल्ले कुठे? सुकून..." मी म्हणालो आणि तिथेच थांबलो. कुंदा माझ्याकडे बघत होती. मी बोटं मोजली. "साडेपाच. आणि आज पायाला घासला, तो धरला तर सहा."

"कांदा म्हणजे कुत्र्याले जहर असते, इंगोले. कच्चा असो, शिजवलेला असो. आतल्या आत रक्त फुटते, ते लघवीतून जाते. ऊन नाही लागलं याले. तुम्ही लागले."

त्यांनी सुई लावली, सलाईनची बाटली चढवली, दोन इंजेक्शनं दिली. आता घरी न्या, थंड जागी ठेवा, घटकेघटकेला पाणी दाखवा, उद्या दुपारपर्यंत लघवी निवळायला लागली तर वाचेल, म्हणाले. नाही निवळली तर काय, ते आम्ही विचारलं नाही.

घरी अंगणातल्या दोरीला बाटली टांगावी तर ऊन होतं, म्हणून आत मोठ्या कूलरच्या कडीला टांगली. खाली ओल्या पोत्यावर मुन्शी. लाइट नव्हती, म्हणून मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. आणि बाहेर रिक्षा थांबली.

मामाजी तीन दिवस आधी आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्याला उपरणं. नागपूरला करमलं नाही, असं रिक्षावाल्याला सांगतच ते आत शिरले. उजेडातून आले होते, त्यात एकच डोळा. खाली बसून त्यांनी पोत्यावर हात फिरवला.

"कुंदा, हे बकरीचं पिलू कोणाचं?"

कुंदा रडायला लागली. मामाजींचा हात दुध्यावरून वर सरकला, मानेशी आला, कानांपाशी आला आणि तिथे थांबला. कान ओळखीचे होते.

"मुन्शी," ते म्हणाले.

मुन्शीनं शेपटीचं टोक हलवलं. डोकं उचललं नाही.

"मुन्शी, विचार यांना, काय झालं."

मुन्शी पडून राहिला.  कुत्र्याला आधी निरोप पोचल्याशिवाय उत्तर द्यायचं कसं, ते मला कळेना. चार वर्षांची सवय होती.

"मुन्शी, विचार..."

बाटलीतलं पाणी थेंब थेंब पडत होतं. मामाजींनी तिसऱ्यांदा "मुन्शी" म्हटलं. त्यांनी मान वर केली. एका डोळ्यानं सरळ माझ्याकडे बघितलं.

"वाचेल का हा?"

मी सवयीनं मुन्शीकडे वळलो. "मुन्शी, सांग..." मग वळून म्हणालो, "वाचेल, मामाजी. उद्या दुपारपर्यंत लघवी निवळली तर वाचेल."

"झालं काय?"

मी सगळं सांगितलं. शाई, झिरो, बंडी, कांदे. आई मधे म्हणाली, "म्या सांगतलं होतं कांद्याचं, त्याचा दोष नाही." मामाजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"किती कांदे?"

"सहा."

"मोठे?"

"गोलटी."

"गाढवा!" मामाजी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात कुंदानं पदरानं डोळे पुसले आणि तशीच बोटावर काहीतरी मोजत उभी राहिली. मला वाटतं, शेगावचे कोस.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरातले चारही जण मुन्शीच्या लघवीची वाट बघत होते. नऊ वाजता त्यानं पहिली केली. मामाजींना रंग दिसेना.

"रंग सांग."

"चहासारखा."

"कोणाच्या घरच्या? कुंदाच्या का नागपूरच्या?"

मी नागपूरचा चहा कधी प्यायलो नव्हतो. तिकडे मला बोलावतच नसत. "कुंदाच्या," मी म्हटलं.

"म्हणजे अजून कडक आहे," मामाजी म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

अकरा वाजता पुन्हा. "आता?"

"दूध वाढवल्यासारखं. नाही, थांबा. पन्ह्यासारखं."

"पन्ह्याचं नाव काढू नको!"

एकला मी वाकून बघितलं आणि म्हणालो, "मामाजी, उसाच्या रसासारखी." मामाजींनी डोक्याचं उपरणं काढलं, तोंडावर धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं. चार वाजता लाइट आली. मी तेलाच्या डब्याचं बटण दाबलं. मुन्शीनं डोकं उचललं आणि डब्यावर एकदा भुंकला.

मुन्शीला हलवायचं नव्हतं म्हणून मामाजी पुढचे आठ दिवस आमच्याकडेच राहिले. त्या आठ दिवसांत ते माझ्याशी सरळ बोलले. सकाळी सहाला सुरू व्हायचे. फिरवायला रस्ता तापायच्या आत ने, गाढवा. आधी स्वतःचा हात डांबरावर ठेवून बघ, गाढवा. पाणी मातीच्या कुंड्यात ठेव, लोखंडी घमेल्यात कढते. अडाण्यांनो, मुक्या जनावराच्या खिशात कांदा! एकोणीसशे किती साल चाललं आहे तुमच्या घरात? आईला तर ते कांदा हा शब्द आला की बघूनच घेत. सहा वर्षांची थकबाकी होती, ती त्यांनी पै न ठेवता फेडली. कुंदा आणि आई मात्र नवसाच्या बाबतीत भांडत होत्या. आईचं म्हणणं, शिव्या धरायच्या नसतात. कुंदाचं म्हणणं, बाबा सरळ बोलले एवढंच ठरलं होतं, काय बोलतील ते ठरलं नव्हतं.

सातव्या दिवशी मामाजी तेलाच्या डब्यापुढे मुन्शीशेजारी उघड्या अंगानं पडले होते. मी ताटीला पाणी मारत होतो.

"नंदकिशोर."

मी झारी खाली ठेवली. माझं नाव त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"डबा बरा आहे," ते म्हणाले. "आवाज करतो. पण बरा आहे."

नवव्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मामाजींच्या कपड्यांच्या घड्या, पिशव्या, यात अकरा वाजले. मी म्हटलं, संध्याकाळी जा, उन्हात नका जाऊ. ते म्हणाले, मी काय काल जन्मलो का, मी माझी काळजी घेऊन असतो. रिक्षात ओला टॉवेल अंथरला, मधे डब्याचा कूलर ठेवला, पाण्याचं भांडं ठेवलं. मामाजी बसले आणि मुन्शीला मांडीवर घेतलं. त्याच्या अंगावर आता बोटाच्या पेरापेक्षा कमी लव आली होती. मी काळी-पिवळी जीपच्या स्टँडपर्यंत सोडायला रिक्षावाल्याशेजारी बसलो. कुंदा फाटकात नव्या चपला घालून उभी होती.

"जावईबुवा," मामाजी मागून म्हणाले, "कुंदाला शेगावला जायचं असेल तर थंडीत पाठवा. आता नाही."

"हो, मामाजी," मी म्हटलं.

मागे वळून बघावंसं वाटलं, पण वळलो नाही. गल्लीच्या तोंडाशी लिंब आला, अरुणभाऊंनी वस्तरा हलवून रामराम केला. तेवढ्यात मागून कुरुमकुरुम असा आवाज आला.

"काय खातोय तो?" मी विचारलं.

मामाजींनी प्रवासाच्या सदऱ्याच्या बाजूच्या खिशात हात घातला. खिसा ओला होता आणि तळाशी भोक होतं. त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटांना चिकटलेली कांद्याची साल एका डोळ्यानं बघितली.

"नागपूरहून निघताना ठेवला होता," ते म्हणाले. "ऊन होतं."

सातवा. गोलटी नव्हता, मोठा होता. मी रिक्षा डॉक्टर बोचऱ्यांकडे वळवायला सांगितली.